बबनआबांची टोपी

मंडळी, पुढं सरकून बसा. मागं भिजत उभं राहू नका, मंडपात जागा आहे अजून.

मला उशीर झाला, माफ करा. लोणावळ्यातून निघाले तर भुशी धरणाकडं निघालेल्या गाड्यांनी चौकच धरून ठेवला होता. रविवारी आपल्याला आपल्याच गावातून बाहेर पडता येत नाही. असो. आबांच्या लेकानं, दत्तानं, काल फोन केला, म्हणाला, ताई, तेराव्याला येणारच आहात तर दोन शब्द बोला. मी आधी नको म्हणाले. रडू आलं असतं तर बोलले असते, रडण्याची कुणाला लाज नाही. पण मला रडू येत नाहीये. मला संताप येतोय. आणि संतापलेल्या माणसानं शोकसभेत बोलावं की नाही, मला खरंच कळत नव्हतं.

शेवटी आले. आता ऐकून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगते. मी वकील आहे. तुमच्या गावच्या बौद्धवस्तीतल्या सुमनमावशींची वाटेची केस मी चालवते. त्या बघा, तिकडं खांबाला टेकून बसल्यात. आणि बबनआबा त्या केसमधले माझे साक्षीदार होते.

माझ्या आधी जे बोलले ते म्हणाले, आबा देवमाणूस होते, आबांच्या शब्दाला मान होता. खरं आहे. पण आबांचे शेवटचे महिने कसे गेले, ते कुणीच बोललं नाही. मंडपात शिरताना एका मोठ्या माणसानं मला बाजूला घेतलं आणि कानात म्हणाले, "ताई, कोर्टाचा विषय नको हं आज." का नको? आबा गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसरा कुठला विषय होता? दत्ता, तूच सांग. होता का?

तर मी तोच विषय काढणार आहे. कोर्टाचं नाव घेणार नाही, तिथल्या न्यायाधीश साहेबांचंही घेणार नाही. ते इथं नाहीत, आणि पाठीमागं नाव घेऊन बोलायची मला सवय नाही. पण जे घडलं ते घडलं तसं सांगणार.

वाट कुठली ते तुम्हाला सांगायला नको, पण सोयरे बाहेरगावचे आहेत, त्यांच्यासाठी सांगते. बौद्धवस्तीतून ओढ्याच्या कडेकडेनं एक गाडीवाट सुमनमावशींच्या भातखाचराकडं जाते. जायची. आबांच्या चुलतभावानं, शिवरामभाऊंनी, मधली जमीन मुंबईच्या एका शेठला विकली. शेठनं तिथं बंगला बांधला, पोहायचा हौद बांधला आणि वाटेवर आडवी भिंत घातली. आता मावशींनी खाचरात जायचं तर ओढ्यातून जायचं. लावणीला रोपं डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून. शेठ म्हणतात, इथं वाट कधी नव्हतीच.

वाट होती हे ठाऊक असलेले पुष्कळ होते, पण कोर्टात येऊन सांगायला कुणी तयार नव्हतं; विचारायचं जुनं माणूस एकच उरलं होतं. बबनआबा. मी त्यांच्याकडं आले तेव्हा मला वाटलं होतं, हे कशाला येतील? भावकीच्या विरोधात, आणि तेही बौद्धवस्तीच्या बाजूनं? पाटावर बसून चहा पीत होते. बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वकीलबाई, त्या वाटंच्या कडंला माझ्या बानं जांभूळ लावलंय. त्याच्या सावलीत सुमीच्या सासऱ्याची गाडी थांबायची, आमचीबी थांबायची. आता मी वाट न्हाई म्हनू? मंग जांभूळ काय हवेत लावलं व्हय आमच्या बानं?"

एवढंच. मी विनवण्या केल्या नाहीत, त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते सगळ्यांना माहीत आहे. शिवरामभाऊ, तुम्ही पुढंच बसलात, तुमच्याकडं बघूनच बोलते. रागावू नका. किंवा रागवा, मी तरी कुठं शांत आहे.

साक्षीच्या दिवशी आबा कसे आले होते सांगू? लग्नाला निघाल्यासारखे. धुवट धोतर, सदरा आणि डोक्यावर नवी कोरी टोपी. लोहगडवाडीला त्यांच्या लेकीचं पिठलं-भाकरीचं दुकान आहे, ती आदल्या दिवशी खास येऊन टोपीला कांजी करून गेली होती. मी म्हटलं, आबा, एवढं कशाला? तर म्हणाले, "न्यायाच्या दारात जायाचं, तर काय बोडक्यानं जायाचं?"

आम्ही सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसलो होतो. साहेब उशिरा बसले. मग जेवायची सुट्टी झाली. आबांनी भाकरी आणली होती, पण खाल्ली नाही. म्हणाले, बोलताना ढेकर आला तर बरं दिसत नाही. दुपारी शिपायानं नाव पुकारलं. आबांनी दाराशी चपला काढल्या, देवळात काढतात तशा. मी म्हटलं असूद्या, तर नको म्हणाले. आत गेले, साहेबांना हात जोडले आणि पिंजऱ्यात उभे राहिले.

साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "टोपी काढा."

आबा गोंधळले. माझ्याकडं पाहिलं, शिपायाकडं पाहिलं. मग साहेबांकडं पाहून हळू आवाजात म्हणाले, "का वो साहेब? कोन गेलं?"

मंडळी, तुम्ही हसला नाहीत. कारण तुम्हाला कळलं. आपल्याकडं बाप्या माणसाच्या डोक्यावरची टोपी कधी उतरते? घरात मयत झाली की. आत्ता समोर बघा ना, दत्ता बोडका बसलाय, सगळी भावकी बोडकी बसलीय. थोड्या वेळानं सोयरे टोप्या घालतील तेव्हाच यांची डोकी झाकणार. मोठ्या माणसापुढं टोपी घालून उभं राहणं हा आपल्याकडं मान आहे. साहेबांना वाटलं, टोपी काढणं हा मान आहे. बरं, नसेल माहीत. साहेब शहरातले आहेत, वयानं लहान आहेत, प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायलाच हवी असं नाही. पण माणूस विचारतो तेव्हा त्याच्या तोंडाकडं तरी बघाल? त्या तोंडावर चेष्टा होती का काळजी होती, एवढं ज्याला दिसत नाही, त्याला खरं-खोटं काय दिसणार?

कोर्टात मात्र हशा पिकला. तरणे वकील हसले. आणि साहेब भडकले. "कोर्टात विनोद करता? ही तुमची चावडी आहे का? काढ म्हटलं ना!"

काढा नाही. काढ.

मी उठले. म्हटलं, साहेब, साक्षीदार चेष्टा करत नाहीयेत, त्यांच्याकडं तशी रीत आहे, मी सांगते. मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मॅडम, बसा खाली. साक्षीदाराला शिस्त शिकवून आणत जा." मी बसले नाही. म्हटलं, हे रोजनाम्यात लिहून घ्या. तेही लिहिलं नाही. तोवर आबांनी टोपी काढली होती.

काढली, पण ठेवायची कुठं ते त्यांना कळेना. पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवली, पुन्हा उचलली. खिशात घालवेना, चुरगळली असती. शेवटी काखेत धरली. आणि डोक्यावरचे ते चार पांढरे केस एका हातानं सारखे दाबत राहिले. शेजारच्या गावातली माणसं तिथं आपापल्या तारखांना आलेली. सगळी बघत होती.

मग समोरच्या वकिलांनी प्रश्न सुरू केले. तिथं वाट आहे का? आबा म्हणाले, "हाय की. पूर्वी तितं..." साहेब म्हणाले, "फक्त हो किंवा नाही." आबा म्हणाले, "साहेब, तसं एका शब्दात न्हाई सांगता येत, आता भिंत हाय पर..." आणि साहेबांनी काय करावं? साहेबांनी नक्कल केली. "हाय, न्हाई, हाय, न्हाई. नीट मराठी येत नाही का?"

पुन्हा हशा.

त्यानंतर आबा बोललेच नाहीत. एक शब्द नाही. वकिलांनी विचारलं, मी विनवलं, आबा समोरच्या भिंतीकडं बघत उभे. साहेबांनी लिहून टाकलं, साक्षीदार सहकार्य करत नाही, आणि पुढची तारीख दिली. संपलं. माणसाची जीभ आपणच छाटायची आणि वर लिहायचं, हा बोलत नाही!

मंडळी, मला सांगा, ज्याला मान झुकवून आपण साहेब म्हणतो, त्याच्याकडून आपण काय मागतो? माझ्याच बाजूनं निकाल द्या असं मागतो का? नाही. याच कोर्टात आधी एक बाई न्यायाधीश होत्या. साक्षीला म्हातारं माणूस आलं की आधी खुर्ची द्यायला लावायच्या. म्हणायच्या, "बसून सांगा, घाई नाही." वकील साक्षीदारावर ओरडला तर वकिलाला गप्प करायच्या. वेळेवर बसायच्या, कारण बाहेर बाकावर कुणीतरी रोज बुडवून बसलंय हे त्यांच्या लक्षात असायचं. त्यांनी माझ्या एका पक्षकाराच्या विरोधात निकाल दिला. पार विरोधात. तो गडी बाहेर आला आणि मला म्हणाला, "हारलो ओ ताई, पर बाईनं लय ऐकून घेतलं." हरलेला माणूस हे म्हणाला! याला म्हणतात न्यायाधीश. म्हणजे करता येतं. त्याच खुर्चीत बसून, तेवढ्याच कामाच्या ढिगाऱ्यात करता येतं. सभ्यपणे वागायला जास्तीचा पगार लागत नाही.

वकील साहेबांशी उद्धट बोलला तर तो कोर्टाचा अवमान. पक्षकार ओरडला तर अवमान. मोबाईल वाजला तरी डोळे वटारतात. आणि साक्षीदाराचा अवमान झाला तर? त्याचं कलम कुठल्या पुस्तकात आहे? मी शोधलंय. न्यायाधीशानं कसं वागावं याबद्दल चांगलं चांगलं लिहिलेलं पुष्कळ सापडतं. संयम ठेवावा, ऐकून घ्यावं, कुणाला हिणवू नये. छान आहे वाचायला. पण बबनआबांनी ते घेऊन कुणाच्या दारात जायचं? आज आबांच्या डोक्यावरची टोपी उतरवली, उद्या सुमनमावशींना म्हणाल, डोक्यावरचा पदर काढा?

तुम्ही म्हणाल, वकीलबाई सगळं साहेबांवर ढकलतेय. नाही. आता तुमच्याकडं येते.

कोर्टातली गोष्ट आबांच्या आधी गावात पोचली. आणि मग पारावर काय चाललं होतं? आबा दिसले की, "काय आबा, कोन गेलं?" टपरीवर, "कोन गेलं?" दूध घालायला गेले तर डेअरीवर, "कोन गेलं, आबा?" आणि फिदीफिदी हसायचं. साहेब तरी परके होते. तुम्हाला तर रीत माहीत होती! तुम्हाला कळत होतं म्हातारा का बोलला ते. तरी हसलात. आता खाली बघू नका. काय उपयोग आहे खाली बघून?

आबांनी घराबाहेर पडणं सोडलं. मी दोनदा आले, भेटले नाहीत. आतून निरोप, "तारखेला मी येनार न्हाई."

आणि एक दिवस त्यांनीच बोलावलं. उर्से टोलनाक्यावरची ड्युटी संपवून दत्ता मला मोटारसायकलवर घेऊन आला. आबा ओट्यावर बसले होते, टोपी घालून. म्हणाले, "वकीलबाई, येतो मी. सुमी परवा वढ्यात पडली, रोपं वाहून गेली तिची. मी घरात लपून बसलो तर माझ्यात आन् त्या शेठात फरक काय? पर टोपी काढनार न्हाई. तुमी साहेबास्नी आधीच सांगून ठेवा, म्हंजे त्यांचाबी खोळंबा नको."

त्यांचा खोळंबा नको! ऐकलंत?

मग जे बोलले, ते मला अजून झोपू देत नाही. म्हणाले, "तुमाला एक सांगू का? मी चेष्टा न्हाई केली. साहेबाचं तोंड लय उतरल्यालं दिसलं मला. आन् त्यांनी टोपी काढाया लावली. मला वाटलं, त्यांच्याच घरातलं कोन तरी गेलं. म्हनून इचारलं. आपुन इचारतोच की."

मंडळी, तो माणूस साहेबांचं सांत्वन करायला गेला होता. आपली साक्ष बाजूला ठेवून, समोरच्या अनोळखी पोराच्या घरात दुःख झालंय असं समजून त्यानं आपुलकीनं विचारलं. आणि त्या आपुलकीला उत्तर काय मिळालं? "काढ म्हटलं ना!"

मी अर्ज दिला. साक्षीदाराला टोपी घालून साक्ष देऊ द्यावी. भारतात, महाराष्ट्रात, मावळात, शेतकऱ्याला टोपी घालू द्या म्हणून मला अर्ज द्यावा लागला. साहेब म्हणाले, तारखेला बघू. आणि तारीख यायच्या आधीच आबा गेले.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी डॉक्टर नाही. साहेबांनी मारलं, असं मी म्हणणार नाही, वय झालं होतं आबांचं. पण त्या माणसाला मान खाली घालून जावं लागलं, एवढं मात्र म्हणणार, आणि कुणी विचारलं तर शपथेवर म्हणणार. साहेबांविरुद्ध जी तक्रार करायची ती मी वरती, माझ्या नावानं केली आहे. तिचं काय व्हायचं ते होईल. मला धंद्यात त्रास होईल म्हणतात. होऊ दे. माझ्या नवऱ्यानंही सांगितलंय, होऊ दे.

आता शेवटचं. अर्धवट राहिलेल्या साक्षीला कायद्यात जवळजवळ काही किंमत नसते. ज्यांना पुढं प्रश्न विचारता येत नाहीत, त्यांचं बोलणं सहसा धरत नाहीत. म्हणजे आजच्या घडीला, कागदावर, ती वाट कुणीच पाहिलेली नाही. जांभूळ भिंतीच्या आत उभं आहे आणि ते बोलू शकत नाही.

पण तुम्ही बोलू शकता. या मंडपात पन्नाशीच्या पुढचे जे बसलेत, तुम्ही सगळे त्या वाटेनं गेलात. दत्ता, तू लहानपणी त्याच गाडीत मागं बसून जायचास, तुझ्या वडिलांनीच मला सांगितलंय. शिवरामभाऊ, ती जांभळं तुम्हीही खाल्लीत. माझ्याकडं आबा उरले नाहीत. आता तुम्हीच आहात.

एरवी श्रद्धांजलीला उभं राहताना आपण टोप्या काढतो. माझी हात जोडून विनंती आहे, आज काढू नका. त्या ताटात सोयऱ्यांनी टोप्या आणल्यात. सोयरेहो, मौनाच्या आधी उठा आणि भावकीच्या डोक्यावर घाला. आधी दत्ताच्या घाला.

आणि दत्ता, घालून घेताना विचार करून घालून घे. पुढच्या तारखेला ज्याला माझ्याबरोबर पिंजऱ्यात उभं राहायचंय, त्यानं हीच टोपी घालून यायचं. साहेब म्हणतील, टोपी काढा. तेव्हा ओरडायचं नाही, उद्धट बोलायचं नाही. आबांनी हात जोडले होते तसे जोडायचे आणि सांगायचं, "साहेब, आमचे आबा गेले होते, म्हनून इतके दिवस बोडके होतो. आता सुतक फिटलंय. आता टोपी उतरनार न्हाई. वाटंचं काय इचारायचं ते इचारा."

उठा मंडळी. आधी टोप्या. मग मौन.

आबा, तुम्ही विचारलं होतं, कोण गेलं. आम्ही हसलो. आता गप्प उभे राहतो.